एंटर एका बटणावर, कड दुसऱ्याच: डायलॉगमधल्या फोकसच्या जुन्या दुखण्यावर इलाज

"सर, एंटर मारला की पावती निघायच्या ऐवजी विंडोच बंद होते. दरवेळी नाही होत. गर्दी असली की हमखास."

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या रोखपाल ताईंचा हा फोन. रोख भरण्याचा साधाच डायलॉग, म्हणजे माहिती भरायची छोटी विंडो: खाते क्रमांक, रक्कम, नोटांचा तपशील आणि खाली 'जमा करा', 'रद्द करा', 'सही पहा' ही तीन बटणं. सी++ मध्ये, थेट विंडोजच्या मूळ डायलॉग व्यवस्थेवर लिहिलेला आणि कित्येक वर्षं विनातक्रार चाललेला. मी माझ्या टेबलावर तो वीसेक वेळा चालवला, एकदाही बिघडला नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरमागे उभं राहून बघितलं तेव्हा कारण कळलं. मी माउसने चालवत होतो आणि ताईंचा हात माउसकडे जातच नाही. डावा हात नोटांवर, उजवा आकड्यांच्या कळांवर, नजर समोरच्या खातेदाराकडे नाहीतर पिग्मी एजंटच्या यादीवर. पडद्याकडे त्या क्षणभर बघतात. त्या एका क्षणात त्यांना एवढंच कळायला हवं असतं, की आत्ता एंटर दाबला तर काय होईल.

हे दुखणं मी वेगवेगळ्या डायलॉगमध्ये पुन्हा पुन्हा बघितलंय आणि दरवेळी तेच मूळ सापडलंय. 'फोकस' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी गोळा करतो. कळा कोणत्या कंट्रोलकडे, म्हणजे कोणत्या बटणाकडे किंवा चौकटीकडे, जाताहेत, ही पहिली. एंटर दाबल्यावर कोणतं बटण दाबलं जाणार, म्हणजे डिफॉल्ट बटण कोणतं, ही दुसरी. आणि हे सगळं डोळ्यांना दिसतंय का, ही तिसरी: ठिपक्यांची चौकट, बटणाची जाड किंवा निळी कड, अक्षराखालची रेघ. पहिलीचा हिशेब विंडोजमधला विंडो मॅनेजर (सगळ्या विंडो सांभाळणारा भाग) ठेवतो, दुसरीचा डायलॉग मॅनेजर (डायलॉगमधल्या टॅब-एंटरचं बघणारा भाग), आणि तिसरीसाठी प्रत्येक विंडोवर वेगळे झेंडे (फ्लॅग) असतात. तक्रार आली की आधी एवढंच शोधायचं, की या तिघांपैकी कोणाचा हिशेब कोणाशी जुळत नाहीये.

चौकट 'जमा करा'वर, कड 'रद्द करा'वर

ताईंच्या डायलॉगमध्ये कुणीतरी फार पूर्वी सुरक्षेचा विचार करून 'रद्द करा' हे डिफॉल्ट बटण ठेवलं होतं. नोटांचा तपशील रकमेशी जुळला की प्रोग्राम आपणहून 'जमा करा'वर उडी मारायचा, म्हणजे ताईंनी फक्त एंटर दाबायचा. ती उडी सेटफोकस या फंक्शनने मारलेली होती. दोष इथेच होता.

सेटफोकस थेट विंडो मॅनेजरकडे जातं. डायलॉग मॅनेजरला त्याचा पत्ताच लागत नाही. व्हाउचर न करता रोख एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर नेल्यासारखं आहे ते: पैसे हलले, वहीतली नोंद मात्र जुनीच राहिली. एरवी टॅब दाबून तुम्ही एखाद्या बटणावर गेलात तर डायलॉग मॅनेजर त्या बटणाला तात्पुरतं डिफॉल्ट करतो, आधीच्या बटणाची कड काढून घेतो, आणि तुम्ही बटणांवरून बाहेर पडलात की मूळ डिफॉल्टला ती कड परत देतो. सेटफोकसने हा सगळा व्यवहार चुकतो. ठिपक्यांची चौकट 'जमा करा'वर येते, जाड कड 'रद्द करा'वरच राहते. मग एंटर दाबला की डायलॉग मॅनेजर विचारतो, फोकस असलेलं बटण डिफॉल्ट आहे का? नाही. मग वहीत कोण आहे? 'रद्द करा'. विंडो बंद.

त्याच अवस्थेत स्पेसबार दाबला असता तर पावती निघाली असती, कारण स्पेसबार थेट फोकस असलेल्या बटणाकडे जातो. हा फरक निदानासाठी फार उपयोगाचा आहे. एंटर आणि स्पेसबार एकाच बटणावर दोन वेगळी कामं करत असतील, तर पहिला आणि दुसरा हिशेब जुळत नाहीये हे नक्की समजा.

आणि "गर्दी असली की हमखास" याचाही उलगडा झाला. नोटा पहिल्या फटक्यात जुळल्या की प्रोग्राम उडी मारायचा. निवांत असताना ताई तपशील पुन्हा तपासत टॅबने खाली यायच्या, तेव्हा सगळं ठीक चालायचं.

इलाज एका ओळीचा आहे. डायलॉगच्या आत फोकस हलवायचा तर सेटफोकस वापरू नका, डायलॉगलाच निरोप (मेसेज) पाठवा:

सेंडमेसेज(डायलॉग, डब्ल्यूएम_नेक्स्टडीएलजीसीटीएल, कंट्रोलचं हँडल, ट्रू)

हँडल म्हणजे विंडोजने त्या कंट्रोलला दिलेली ओळख, आणि शेवटचा ट्रू म्हणजे 'मी नेमका कंट्रोल सांगतोय'. तिथे फॉल्स दिलं तर आधीचा आकडा दिशा ठरवतो: शून्य म्हणजे पुढचा टॅबथांबा (टॅब दाबून जिथे पोचतो तो कंट्रोल), शून्य नसेल तर मागचा. या निरोपाने फोकसही हलतो आणि कडेची नोंदही बदलते.

आणखी एक लाभ, ज्याची किंमत काउंटरवर बसल्यावरच कळते. एडिट बॉक्समध्ये, म्हणजे टाइप करायच्या चौकटीत, टॅबने किंवा या निरोपाने गेलात तर आतला सगळा मजकूर निवडला जातो. सेटफोकसने गेलात तर नाही. रकमेच्या चौकटीत आधीचे ५०० तसेच असतील आणि ताईंनी न बघता २०० टाइप केले, तर निवडलेल्या मजकुराच्या जागी २०० येतात. न निवडलेल्या मजकुराला २०० चिकटतात, आणि रक्कम होते ५००२०० किंवा २००५००. संध्याकाळी डे-एंडला ताळा लागेना म्हणून आठ वाजेपर्यंत थांबलेल्या माणसाला विचारा, ही चूक किती महागात पडते.

डिफॉल्ट बटण मुद्दाम बदलायचंच असेल तर डीएम_सेटडेफआयडी हा निरोप आहे, पण तो जपून वापरा. त्याने नवीन बटणाला कड मिळते, जुन्याची कड मात्र प्रत्येक वेळी जातेच असं नाही, आणि पडद्यावर दोन डिफॉल्ट बटणं दिसायला लागतात. तेव्हा जुन्या बटणाला बीएम_सेटस्टाइल पाठवून त्याची शैली साध्या बटणाची करावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: चालू डायलॉगमध्ये डिफॉल्ट बदलण्याची गरज वाटली, तर आधी डायलॉगची रचना तपासा. आम्ही अखेर 'जमा करा'लाच कायमचं डिफॉल्ट केलं. रद्द करायला एस्केप आहेच.

निदान करताना ब्रेकपॉइंट लावू नका

फोकसचे दोष डीबगरमध्ये पकडायला जाल तर दोषच बदलतो. ब्रेकपॉइंटवर, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवायला लावलेल्या खुणेवर, थांबलात की फोकस डीबगरच्या विंडोकडे जातो, तुमच्या कंट्रोलला फोकस गेल्याचा निरोप पोचतो आणि आता दिसतंय ते तुमच्या प्रोग्रामचं वागणं की डीबगरमुळे झालेलं, हे सांगता येत नाही. त्यापेक्षा चाचणीच्या बिल्डमध्ये एक टायमर लावा. दर पाव सेकंदाने गेटफोकस विचारा, मिळालेल्या कंट्रोलचा आयडी आणि डायलॉगला डीएम_गेटडेफआयडी विचारून मिळालेला आयडी, हे दोन्ही शेजारी शेजारी आउटपुटडीबगस्ट्रिंगने लिहा. डीबगव्ह्यू या लॉग दाखवणाऱ्या साधनात ते वाहत राहतं, फोकसला धक्का न लावता. दुसऱ्याच्या प्रोग्रामचा फोकस बघायचा असेल तर गेटजीयूआयथ्रेडइन्फो हे फंक्शन तो सांगतं, आणि व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारं स्पाय++ निरोपांची ये-जा दाखवतं.

दुसरी युक्ती आणखी साधी. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करा, मॉनिटर बंद करा, आणि डायलॉग वापरून बघा. फोकस कुठे गेला ते कानाने ऐकू येतं. जिथे आवाज बंद पडतो किंवा भलतंच नाव उच्चारलं जातं, तिथे तुमचा दोष आहे. आणि ज्यांना हा डायलॉग रोज कानानेच वापरायचा आहे त्यांना काय सोसावं लागतं, तेही त्याच वेळी समजतं.

बटण करडं झालं आणि कळफलक मुका झाला

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक डेटा-एंट्रीच्या प्रोग्राममध्ये येते. एकच भरणा दोनदा जाऊ नये म्हणून 'जमा करा' दाबताक्षणी आपण ते बटण निष्क्रिय करतो. हेतू बरोबर आहे. पण फोकस त्याच बटणावर होता. निष्क्रिय कंट्रोल कळा घेत नाही, त्यामुळे टॅब चालत नाही, ऑल्ट आणि अक्षर चालत नाही, एस्केपही नाही. माणूस कळा बडवत राहतो आणि शेवटी माउस शोधतो.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी बघा, ज्याला निष्क्रिय करायचंय त्याच्यावरच फोकस आहे का. असेल तर नेक्स्टडीएलजीसीटीएलने तो पुढे न्या, आणि मगच एनेबलविंडो फॉल्स करा. कंट्रोल लपवतानाही हाच क्रम. आम्ही यासाठी एक छोटं फंक्शन लिहिलं आणि सगळ्या प्रोग्राममधल्या एनेबलविंडोच्या थेट हाका काढून त्या जागी ते घातलं. पूर्ण दिवस गेला, पण 'कळफलक बंद पडतो' असा फोन त्यानंतर आला नाही.

फोकस पुढे न्यायचा म्हणजे नेमका कुठे, हाही विचार हवा. यांत्रिकपणे पुढचा टॅबथांबा घेतला तर तो 'रद्द करा' निघू शकतो, आणि ताईंचा दुसरा एंटर तिथे पडतो. भरणा झाल्यावर फोकस पुन्हा खाते क्रमांकावर गेला पाहिजे, कारण रांगेतला पुढचा माणूस उभा आहे.

फोकस आहे, पण दिसत नाही

आता तिसरा हिशेब. यात जास्तीत जास्त लोक अडकतात, कारण कोडमध्ये चूक नसतानाही हे घडतं.

विंडोज २००० पासून विंडोज कळफलकाच्या खुणा गरज नसेल तेव्हा लपवून ठेवतं. प्रत्येक विंडोवर दोन झेंडे असतात. एक म्हणतो फोकसची चौकट लपव, दुसरा म्हणतो अक्षराखालच्या रेघा लपव. डायलॉग माउसने उघडला असेल तर झेंडे लावलेले असतात, कळफलकाने उघडला असेल तर उतरवलेले. माउसने उघडून नंतर टॅब, बाण किंवा ऑल्ट दाबला, की डायलॉग मॅनेजर ओळखतो की माणूस कळफलकावर आलाय, आणि खुणा दाखवतो.

काउंटरच्या प्रोग्राममध्ये ही व्यवस्था एका खास कारणाने कोलमडते. आपल्याकडे एंटर दाबला की पुढच्या चौकटीत जायचं, ही सवय डॉसच्या काळापासून मुरलेली आहे, आणि ती बदलायला सांगणं मला योग्य वाटत नाही. आकड्यांच्या कळांशेजारी टॅब नसतो, एंटर असतो. म्हणून आपण एंटर मध्येच पकडतो आणि प्रोग्रामने उडी मारतो. परिणाम असा, की गर्दीच्या दिवशी ताई सकाळी माउसने डायलॉग उघडतात आणि मग दिवसभर फक्त आकडे आणि एंटर. टॅब, बाण, ऑल्ट यांपैकी एकही कळ डायलॉग मॅनेजरला दिसत नाही. त्याच्या मते माणूस अजून माउसवरच आहे. फोकसची चौकट दिवसभर लपलेली राहते.

इलाज म्हणजे त्याला सांगणं. आपण उडी मारतो तिथेच, उडीबरोबर, डायलॉगला डब्ल्यूएम_चेंजयूआयस्टेट पाठवा. निरोपासोबत जाणाऱ्या डब्ल्यूपॅरम या आकड्याच्या खालच्या अर्ध्यात यूआयएस_क्लिअर, वरच्या अर्ध्यात यूआयएसएफ_हाइडफोकस, आणि रेघाही दाखवायच्या असतील तर त्याला जोडून यूआयएसएफ_हाइडअ‍ॅक्सेल. क्लिअर म्हणजे 'लपव' हा झेंडा उतरव. नाव उलटं वाटतं, आणि सेट लिहून बसलेले मी बरेच बघितलेत. निरोप खालून वर सर्वात बाहेरच्या विंडोपर्यंत जातो आणि तिथून डब्ल्यूएम_अपडेटयूआयस्टेट या नावाने खाली प्रत्येक कंट्रोलकडे येतो. तुमच्या स्वतःच्या कंट्रोलने हे निरोप डेफविंडोप्रॉक या विंडोजच्या नेहमीच्या फंक्शनकडे सोपवले नाहीत, तर साखळी तिथेच तुटते.

ज्यांना खुणा कायमच दिसायला हव्यात त्यांच्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी भागात कीबोर्डखाली, विंडोज ७ मध्ये इझ ऑफ अ‍ॅक्सेस सेंटरमध्ये कळफलक सोपा करण्याच्या पानावर, शॉर्टकटची अक्षरं अधोरेखित करण्याचा पर्याय आहे. काउंटरच्या प्रत्येक संगणकावर तो आम्ही चालू करूनच देतो. पण त्याच्या भरवशावर कोड तसाच सोडू नका. संगणक बदलला की सेटिंग जातं.

यातच ओनरड्रॉ बटणांचं दुखणं येतं. रंगीत बटणं हवीत म्हणून कुणीतरी ती स्वतः रंगवतो आणि फोकसची चौकट विसरतो. किंवा काढतो, पण दोनदा. ड्रॉफोकसरेक्ट हे फंक्शन रंग उलटवून चौकट काढतं, त्यामुळे त्याच जागी दुसऱ्यांदा काढली की पहिली पुसली जाते. चौकट कधी येते, कधी जाते अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. रंग उलटवण्याचा आणखी एक परिणाम: मध्यम करड्या पार्श्वभूमीवर उलटलेला रंगही करडाच येतो, आणि चौकट असून नसल्यासारखी होते. रंगवताना आयटमस्टेटमधले ओडीएस_नोफोकसरेक्ट आणि ओडीएस_नोअ‍ॅक्सेल हे दोन झेंडे तपासा, आणि दुसरा लागलेला असेल तर ड्रॉटेक्स्टला डीटी_हाइडप्रिफिक्स द्या.

माझं खरं सांगणं मात्र असं, की बटण ओनरड्रॉ करूच नका. बटणाच्या शैलीत ओनरड्रॉ आणि डिफॉल्ट हे दोन्ही प्रकाराच्या एकाच जागेत बसतात, दोन्ही एका वेळी राहू शकत नाहीत. म्हणजे ओनरड्रॉ केलंत की डिफॉल्टची कड सांभाळणं तुमच्या गळ्यात. कॉमन कंट्रोल्सच्या सहाव्या आवृत्तीपासून बटणं एनएम_कस्टमड्रॉ पाठवतात. त्यात रंग तुमचा आणि कड, चौकट, वागणं विंडोजचं.

एंटरने पुढे जाण्याची सोय नीट कशी करावी

एडिट बॉक्स सबक्लास करून, म्हणजे त्याच्या निरोपांवर आधी आपलं फंक्शन बसवून, डब्ल्यूएम_गेटडीएलजीकोडला (तुला कोणत्या कळा हव्यात, या प्रश्नाला) डीएलजीसी_वाँटऑलकीज उत्तर द्यायचं, हा नेहमीचा मार्ग. चूक होते ती सरसकट तेच उत्तर देण्यात. मग टॅब आणि एस्केपसुद्धा एडिटकडे येतात आणि डायलॉग मॅनेजर बाजूला पडतो. शिवाय मूळ कंट्रोलचं उत्तर फेकून दिल्यामुळे 'माझ्यातला मजकूर निवडता येतो' हा त्याचा झेंडाही जातो, आणि वर सांगितलेली ५००२०० ची चूक मागच्या दाराने परत येते.

म्हणून आधी मूळ प्रोसीजरला, म्हणजे एडिटच्या स्वतःच्या फंक्शनला, विचारा. मग एलपॅरममध्ये (निरोपासोबतच्या दुसऱ्या आकड्यात) निरोपाचा पत्ता आला असेल आणि तो निरोप एंटरचा असेल, तरच मूळ उत्तरात वाँटऑलकीज मिळवा. एंटरमागून येणारा डब्ल्यूएम_चारही गिळा, नाहीतर एका ओळीचा एडिट प्रत्येक एंटरला आवाज करतो. काउंटरवर दिवसभर तो आवाज ऐकणारा माणूस तुम्हाला सांगणार नाही, फक्त स्पीकर काढून ठेवेल.

कळ दाबून धरलेली असेल तर उडी मारू नका. कळ दाबल्याच्या निरोपात एलपॅरमचा ३० क्रमांकाचा बिट कळ आधीपासून दाबलेली होती का ते सांगतो. तो लागलेला असेल तर तो एंटर सोडून द्या, नाहीतर एका लांब एंटरमध्ये तीन चौकटी ओलांडल्या जातात.

'रद्द' दाबलं तरी आधी चूक सांगतो

खाते क्रमांक चुकीचा असेल तर चौकट सोडतानाच तपासायचं आणि मेसेज बॉक्स दाखवून परत तिथेच आणायचं, असा कोड सर्रास सापडतो. तो मोडणारच. फोकस जात असल्याच्या निरोपावर काम करताना कोणतीही विंडो दाखवू नये किंवा जागी करू नये, हे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. मेसेज बॉक्स स्वतःच फोकस घेतो, तेव्हा दुसरी चौकट फोकस घ्यायच्या अर्धवट अवस्थेत असते, तिलाही तपासणी असेल तर तिचाही बॉक्स येतो, आणि दोघी एकमेकींकडे फोकस ढकलत राहतात.

निरोपात काहीही दाखवू नका. डायलॉगला स्वतःचा एक निरोप पोस्ट करा (रांगेत टाका), सेंड नव्हे, आणि तो हातात येईल तेव्हा तपासा. तोवर फोकस स्थिर झालेला असतो. त्या वेळी फोकस 'रद्द करा'वर असेल तर तपासणी सोडून द्या, जो माणूस निघालाय त्याला अडवायचं कशाला? चूक दाखवायला मेसेज बॉक्सच हवा असंही नाही. चौकटीखाली लाल ओळीत 'हे खाते बंद आहे' लिहिलं तर फोकस हलतच नाही. पण केवळ लाल रंगावर विसंबू नका, शब्द हवेतच.

मेसेज बॉक्स दाखवलाच तर त्याचा मालक म्हणून डायलॉगचं हँडल द्या. नल दिलंत तर मागचा डायलॉग निष्क्रिय होत नाही, बॉक्स त्याच्या मागे लपू शकतो आणि 'प्रोग्राम अडकला' असा फोन येतो. व्हाउचर खोडण्यासारख्या प्रश्नाला एमबी_डेफबटन२ देऊन 'नाही' हे डिफॉल्ट ठेवा. घाईत दोनदा पडलेला एंटर तिथे कुणाचंही नुकसान करत नाही.

स्वतः बनवलेला मोडल डायलॉग (उघडा असेपर्यंत मागची विंडो वापरू न देणारा) बंद करताना आधी मालक विंडो सक्रिय करा, मग डायलॉग नष्ट करा. क्रम उलटा झाला तर त्या क्षणी फोकस घ्यायला तुमची कोणतीच विंडो तयार नसते, आणि दुसराच एखादा प्रोग्राम पुढे येतो.

थोडक्यात सुटणाऱ्या तीन अडचणी

डायलॉग उघडल्यावर फोकस भलतीकडेच असेल, तर डब्ल्यूएम_इनिटडायलॉगचं उत्तर बघा. तुम्ही स्वतः फोकस ठेवला असेल तर फॉल्स, विंडोजने ठेवायचा असेल तर ट्रू. स्वतः ठेवून ट्रू दिलंत की विंडोज तुमचा फोकस हलवून पहिल्या टॅबथांब्यावर नेतं.

टॅब अजिबात चालत नसेल आणि डायलॉग मोडलेस (मागची विंडोही वापरू देणारा) असेल, तर मेसेज लूपमध्ये इजडायलॉगमेसेजची हाक राहिली आहे. टॅब, बाण, एंटर, एस्केप, खुणा दाखवणं, सगळं तिथेच घडतं.

डायलॉगच्या आत दुसरा डायलॉग बसवला असेल, म्हणजे टॅबच्या पानांसारखा, आणि फोकस आत शिरत नसेल, तर आतल्या डायलॉगला डीएस_कंट्रोल शैली द्या. ती नसताना आत क्लिक करून मग टॅब दाबला, तर विंडोज पुढचा थांबा शोधत निघतं, सुरुवातीच्या कंट्रोलपाशी कधी पोचत नाही, आणि प्रोग्राम गोठतो. फोकस आत असताना ते आतलं पान लपवलं तरी हीच अवस्था येऊ शकते. पान बदलण्याआधी फोकस बाहेरच्या टॅबवर आणा.

डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये काम करणाऱ्यांनी लोड इव्हेंटमध्ये फोकस ही हाक मारू नये, फॉर्म तोवर दिसत नसतो. अ‍ॅक्टिव्हकंट्रोल द्या किंवा शोन इव्हेंट वापरा. फोकसची चौकट कायम दिसायला हवी असेल तर स्वतःच्या कंट्रोलमध्ये शोफोकसक्यूज ओव्हरराइड करून ट्रू परत करा, आणि 'रद्द करा'वर कॉजेसव्हॅलिडेशन फॉल्स ठेवा. डब्ल्यूपीएफमध्ये फोकसव्हिज्युअलस्टाइल फोकस कळफलकाने आला तरच दिसते. तिथेही कोडने मारलेल्या उडीनंतर खूण दिसते का, हे मुद्दाम तपासा.

मराठी लेबलं आणि अक्षराखालची रेघ

मराठी डायलॉगमध्ये हे एक वेगळंच काम उरतं. 'जमा करा'मधल्या 'ज'च्या आधी अँड चिन्ह दिलं तर 'ज'खाली रेघ येते, पण ऑल्टबरोबर 'ज' दाबायचा तर मराठी कळफलक चालू हवा. रक्कम टाइप करताना बहुतेकांचा इंग्रजीच चालू असतो. शिवाय 'मुदत', 'पुढे' अशा शब्दांत उकार आणि रेघ एकमेकांवर येतात आणि 'मु' नीट वाचताही येत नाही.

चिनी आणि जपानी विंडोजमध्ये लेबलानंतर कंसात एक रोमन अक्षर देऊन त्याखाली रेघ मारतात. आम्ही तेच केलं. 'जमा करा'पुढे कंसात रोमन जे, 'रद्द करा'पुढे आर, 'सही पहा'पुढे एस. ताईंना दोन दिवस ते परकं वाटलं, मग अक्षरं पाठ झाली. आकडे टाइप करण्याच्या चौकटीला लेबल देताना मात्र एक जपा: लेबल स्वतः फोकस घेत नाही, त्याचं अक्षर दाबल्यावर फोकस क्रमाने त्याच्या लगेच पुढच्या कंट्रोलवर जातो. रिसोर्स फाइलमध्ये लेबल आणि चौकट यांच्यामध्ये दुसरं काही घुसलं असेल, तर 'रक्कम'चं अक्षर दाबून माणूस नोटांच्या तपशिलात जाऊन पडतो.

बदल घेऊन गेलो त्या दिवशी बाजारवार होता, रांग दारापर्यंत. ताईंच्या संगणकाचा माउस काढून बाजूला ठेवला आणि पलीकडच्या खुर्चीवर बसून लॉग वाचत राहिलो. दोन्ही आयडी दर भरण्याला जुळत होते. दीडच्या सुमारास रांग संपली तेव्हा ताई म्हणाल्या, "सर, आता बटणाकडे बघावंच लागत नाही. पण सही बघायची विंडो बंद केली की परत नोटांवर यायला पाहिजे, तो कर्सर वर खाते क्रमांकावर जातो." ती दुरुस्ती अजून करायची आहे. सहीची विंडो उघडण्याआधी फोकसचं हँडल जपून ठेवायचं, आणि बंद झाल्यावर नेक्स्टडीएलजीसीटीएलने तिथेच परत यायचं.